टाकीमागचा पक्षी

कानाला मशीन बसवलं ही गोष्ट आमच्या पक्षिनिरीक्षण मंडळात कोणाला कळू द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी पाण्याच्या टाकीची दुरुस्ती अडेल, चौथ्या मजल्यावरचं छत खाली येईल आणि शाळेच्या बँडचे बेचाळीस कोट धोक्यात येतील, असं काही माझ्या मनात नव्हतं. (माझ्या मनात सहसा काही नसतंच. शंका तेवढ्या असतात.) आता सगळं मिटलं आहे, छत कोरडं आहे आणि मला कोणी काही बोलत नाही. म्हणून तर लिहायला बसलो. कोणी चार शब्द सुनावले असते तर एवढं टोचलं नसतं.

मंडळ म्हणजे खरं तर आम्ही तिघंच. एक दाताचे डॉक्टर, एक वकीलबाई आणि निवृत्त प्राध्यापक असा मी. दर रविवारी सकाळी आम्ही शहराबाहेरच्या तळ्यावर जातो. पक्ष्यांना दिसू नये म्हणून आम्ही मातकट कपडे घालतो. पक्ष्यांना आम्ही लांबूनच दिसतो. एकमेकांना मात्र दिसत नाही, त्यामुळे निम्मी सकाळ एकमेकांना शोधण्यात जाते. बोटाने काही दाखवायचं नाही हा कडक नियम, कारण हात हलला की पक्षी बिचकतो. म्हणून पत्ता तोंडी सांगायचा. डॉक्टर तो त्यांच्या पद्धतीने सांगतात: "वरची ओळ, डावीकडून मागची तिसरी, जराशी किडलेली फांदी." बिस्कीट चावायचं नाही, तोंडात धरून विरघळवायचं. रविवारी दोन-दोन तास कुजबुजल्यामुळे सोमवारीही आवाज वर चढत नाही. डॉक्टर मध्यंतरी एका पेशंटच्या कानाशी जाऊन कुजबुजले, "फार काही नाही, एकच काढायचाय," तर तो माणूस खुर्चीतून उठून थेट घरी गेला.

वकीलबाईंचा धाक वेगळा. कोणी काही पाहिलं म्हणालं, की त्या चष्म्यावरून बघत विचारतात, "शेपटी तुम्ही पाहिलीत, की शेपटी असावी असं तुम्हाला वाटलं?" त्या आवाजात कोणी मला माझं वय विचारलं तरी मी म्हणेन, असावं असं वाटतं.

मला दिसतं कमी. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. लोकांना पक्षी दिसतो, मला पक्षी उडून गेल्यावर हलणारी फांदी दिसते. पण दहा वर्षांपूर्वी एकदा मी डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून एक पक्षी ओळखला आणि तो खरा निघाला. (तो तसा ओळखायला सोपा होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.) तेव्हापासून मंडळात माझी ओळख म्हणजे माझा कान. "सर, कान काय म्हणतोय?" असं डॉक्टर विचारायचे, आणि मी मान तिरपी करून दोन क्षण थांबायचो. उभ्या आयुष्यात मला कोणी इतक्या आदराने काही विचारलं नव्हतं, विद्यापीठातसुद्धा नाही.

आणि नेमका तोच कान गेला. वर्षभर मी डॉक्टर म्हणतील त्याला मान डोलावून काढलं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, दाराची बेल वाजते तेव्हा तुम्ही पंखा बंद करता. आता बास." तेव्हा उजव्या कानामागे ते मशीन आलं. चवळीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. त्यावर मी लोकरीची टोपी ओढली. "डोक्याला गारवा सोसत नाही," असं मंडळात सांगितलं. ऊन मी म्हणत होतं, तरी कोणी शंका घेतली नाही. हुशार माणसाच्या डोक्याला काहीही होऊ शकतं, असा लोकांचा समज असतो.

मशीनची सवय व्हावी म्हणून एका मंगळवारी सकाळी मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. आम्ही पक्षी ऐकणारे लोक एक करतो: हाताची ओंजळ करून ती कानामागे धरतो, म्हणजे लांबचे आवाज गोळा होतात. मी टाकीजवळ उभा राहिलो, उजवा हात कानामागे नेला, आणि काय सांगू!

"स्वीऽऽऽ."

बारीक, लांबलचक, काचेवर नखाने रेघ ओढावी तशी शिट्टी. मी वहीत नोंद करायला हात खाली घेतला, तर पक्षी गप्प. पुन्हा हात वर, पुन्हा "स्वीऽऽ". हात खाली, शांतता. मी नोंद केली: 'अत्यंत लाजाळू. निरीक्षक लिहू लागताच थांबतो.'

डाव्या हाताने फोनवर आवाज रेकॉर्ड करून मी मंडळाला पाठवला. डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या सगळ्या आवाजांशी ताडून पाहिला. संध्याकाळी फोन आला. कुजबुजतच होते.

"सर, हा कशाशीच जुळत नाही."

"म्हणजे माझी काही चूक..."

"चूक कसली! नवा आहे, सर. आपल्या भागात कधीच नोंद न झालेला!"

दुसऱ्या दिवशी दोघंही बिस्किटं घेऊन गच्चीवर हजर. मी टाकीकडे तोंड करून हात कानामागे नेला. "स्वीऽऽ." डॉक्टरांनी माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की वळ उठला. वकीलबाई मात्र कोरड्या. "एक आवाज म्हणजे पुरावा नव्हे," त्या म्हणाल्या. त्यांनी कानावरचे केस सारखे केले, आणि आपलीही ओंजळ कानामागे धरली. तत्क्षणी डाव्या बाजूने, किंचित जाडसर सुरात, उत्तर आलं.

"स्वूऽऽ."

"जोडी!" डॉक्टर कुजबुजायचं विसरून ओरडले. "नर आणि मादी! सर, घरटं आहे इथे!"

वकीलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हे पहिल्यांदाच पाहिलं. (म्हणजे पाणी पाहिलं. असावं असं वाटलं नव्हतं.)

अडचण एकच होती. ती टाकी गळत होती आणि सोमवारी तिच्या दुरुस्तीला माणसं येणार होती. डॉक्टर म्हणाले, ठोकाठोक झाली तर जोडी कायमची जाईल. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हात झटकले: टाकीच्या बरोबर खाली ताई राहतात, गळतं ते त्यांच्याकडे, त्यांची हरकत नसेल तर थांबू. ताईंना विचारायचं काम अर्थातच माझ्यावर आलं.

ताई चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात आणि घरात शिवणकाम करतात. सगळी इमारत त्यांना ताईच म्हणते. मी गेलो तेव्हा त्या एका शाळेच्या बँडचे निळे कोट बेतत होत्या. खोलीत उजेड एकाच जागी येतो, तिथेच कापडाचं टेबल, आणि नेमकं तिथेच छत गळत होतं. पंख्याच्या हुकाला त्यांनी उलटी छत्री टांगली होती. तिच्यात थेंब पडत होते, टप्, टप्. छत्री भरली की बादलीत ओतायची.

मी घडाघडा सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या नाही म्हणतील आणि मी सुटेन.

"म्हणजे बाळंतपण आहे म्हणा की," ताई म्हणाल्या. "मग कसं हाकलायचं? बेचाळीस कोट द्यायचेत महिन्याच्या शेवटी, पण बघते कसंतरी. काका, तुम्ही एवढे शिकलेले. तुम्ही म्हणता म्हणजे असेलच."

घरी येऊन मला जेवण गेलं नाही. 'तुम्ही म्हणता म्हणजे असेलच' हे वाक्य माझ्याबद्दल आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. मी स्वतःही नाही.

त्यानंतर जिन्यात ताई भेटल्या की चौकशी ठरलेली.

"काका, अंडी घातली का?"

मी एक पीससुद्धा पाहिलं नव्हतं. टाकीच्या मागे भिंत आहे, तिथे मला वाकता येत नाही. पण ताई भरलेली बादली घेऊन उभ्या होत्या. "घातली असावीत," मी म्हणालो.

"किती?"

"तीन." (दोन म्हटलं असतं तर कमी वाटलं असतं आणि चार ही बढाई झाली असती.)

"आणि पिल्लं निघायला?"

"दोनेक आठवडे."

"दोन आठवडे," ताई बादलीकडे बघत म्हणाल्या. मग हसल्या. "होतील हो. मी छत्री मोठी घेते."

रोज सकाळी मी गच्चीवर जायचो, कानामागे हात न्यायचो, शिट्टी ऐकायचो, आणि खाली येऊन ताईंना खुशाली कळवायचो. आठवड्याभरात माझ्या बोलण्यात 'असावीत' जाऊन 'आहेत' आलं. कधी आलं ते मलाच कळलं नाही.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, नाश्त्याच्या वेळी मी पेपर वाचत होतो. वाचता वाचता गाल तळहातावर टेकवला.

"स्वीऽऽऽ."

मी ताडकन उठलो. "अगं, ऐकलंस? घरापर्यंत आला! खिडकीत बघ, खिडकीत!"

बायकोने खिडकीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "तुमचं मशीन ओरडतंय पुन्हा."

"पुन्हा?"

"रोजच तर ओरडतं. गाल हातावर टेकवलात की शिट्टी."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तीनदा. तुम्ही ऐकलं नाहीत."

(तिचे गुडघे दुखतात, ती गच्चीवर चढत नाही. चढली असती तर हा पक्षी मंगळवारीच संपला असता.)

मी न्हाणीघरात गेलो आणि कडी लावली. हात वर: शिट्टी. हात खाली: शांतता. असं बारा वेळा केलं. बाराही वेळा तेच. मशीनमधून निसटलेला आवाज तळहातावर आपटून पुन्हा मशीनमध्येच जातो आणि फिरत राहतो, ही साधी गोष्ट आहे. कोणत्याही शाळकरी पोराला कळेल. इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मान वर होत नाही. माझी डॉक्टरेट ध्वनी या विषयात आहे. छत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की प्रयोगात काही विचित्र दिसलं तर आधी आपलं उपकरण तपासा.

बायकोने दारावर थाप मारली. "आत्ताच्या आत्ता वर जा आणि त्या ताईला सांगा."

"जातो. पण आधी मंडळाला कळवणं रीतसर..."

"रीतसर!" एवढंच ती म्हणाली. पण ती बरोबर होती. जिथे सगळ्यात आधी जायला हवं होतं तिथे मी सगळ्यात शेवटी गेलो. मंडळात फक्त माझं हसं होणार होतं. ताईंच्या डोळ्याला डोळा भिडवायचा होता.

दुपारी वकीलबाईंनाही डॉक्टरांच्या दवाखान्यात बोलावून घेतलं आणि दोन पेशंटच्या मधल्या वेळात, दोघांसमोर, मी टोपी काढली. कानामागे हात नेला. "स्वीऽऽ." मग हात खाली घेतला आणि दाताच्या खुर्चीत, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून, बसून राहिलो. डॉक्टरांनी वाकून माझ्या कानामागे पाहिलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"पण सर, दुसरा? ते उत्तर? ते तर डावीकडून आलं होतं!"

मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि हात हळूच कानावरच्या केसांकडे गेला होता. बिचाऱ्या! पाच वर्षं त्या केस तसेच का ठेवत होत्या ते मला त्या क्षणी उमगलं.

"तोही मीच," मी म्हणालो. "प्रतिध्वनी. टाकीच्या पत्र्यावरून आलेला."

"प्रतिध्वनीचा सूर बदलतो का, सर?"

"पत्रा ओला असला की बदलतो," मी म्हणालो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी चुकीचं शास्त्र कधी शिकवलं नव्हतं. ते त्या खुर्चीत बसून शिकवलं.

"साक्ष विश्वसनीय वाटते," वकीलबाई घाईघाईने म्हणाल्या. "प्रकरण निकाली." जाताना जिन्यात त्यांनी माझा हात क्षणभर धरला. (हे मी इथे लिहिलं खरं, पण त्या कथा वाचत नाहीत, कायदे वाचतात. शिवाय त्यांच्यासारखे केस असणाऱ्या वकीलबाई पुष्कळ असतील. असाव्यात असं वाटतं.)

शनिवारी सकाळी बायकोने मला धरून मशीनवाल्या बाईंकडे नेलं. त्यांनी कानात बसणारा भाग बदलून नवा, घट्ट बसवला. "आता कसंही डोकं टेकवा, आजोबा," त्या म्हणाल्या. "शिट्टी वाजली तर मला सांगा."

आणि मग मी ताईंकडे गेलो.

दार उघडंच होतं. पहाटे छताचा पोपडा पडला होता. छत्री फाटली होती, टेबलभर चुन्याचा चिखल, आणि सहा कोट खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरे डागाळलेले. ताई ओल्या फडक्याने एक कोट टिपत होत्या.

"सहा गेले," त्या म्हणाल्या. "कापड उरलंय तेवढं, करेन पुन्हा. पण वेळेत दिले नाहीत तर शाळा पुढचं काम नाही द्यायची. तुम्ही बसा ना, काका. तिकडे नका, तिकडे गळतंय."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पक्षी नाही, जोडी नाही, अंडी नाहीत. आहे ते माझं कानाचं मशीन. मी मूर्ख आहे. मला माफ करा. बोलताना माझा आवाज शेवटी शेवटी इतका बारीक झाला, की तोच पक्ष्यासारखा ऐकू येत होता.

ताईंनी फडकं खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले.

"काका, किती हो मोठं मन तुमचं!"

"काय?"

"माझं नुकसान बघवलं नाही म्हणून स्वतःला नावं ठेवताय. वर माणसं बोलावून त्या जिवांना हाकलणार, आणि म्हणणार, नव्हताच पक्षी! मी काय दूधखुळी आहे?"

"अहो ताई, खरंच नव्हता!"

"मी स्वतः ऐकलाय. तुम्ही वर असलात की रोज ऐकू यायचा."

"मी वर असलो की! तेच तर सांगतोय! हे बघा." मी टोपी काढली, हात कानामागे नेला. शांतता. हात जवळ आणला, लांब नेला, पंजा पसरला, मूठ वळली. दोन्ही हातांनी प्रयत्न केला. छतातून थेंब पडला, टप्. नव्या मशीनने तोंडातून ब्र काढला नाही.

"राहू द्या, काका," ताई हळुवारपणे म्हणाल्या. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

आयुष्यभर मला आपल्या ज्ञानाबद्दल खात्री वाटली नाही. आज एकदाच अज्ञानाबद्दल पूर्ण खात्री होती, तर तेही सिद्ध करता येईना.

"चार दिवसांचा तर प्रश्न," ताई पुन्हा कोट टिपू लागल्या. "पिल्लं उडू देत. मी टेबल जिन्यात लावते. जाता-येता लोकांना जरा अडचण होईल, पण चालवून घेतील."

त्या अंधाऱ्या जिन्यात, लोकांच्या येण्याजाण्यात, ती बाई छत्तीस कोट शिवणार आणि सहा नव्याने बेतणार होती. मी काढलेल्या तीन अंड्यांसाठी. आता एकच मार्ग उरला होता. मी गच्चीवर गेलो, पाच मिनिटं टाकीपाशी उभा राहिलो, आणि धापा टाकत खाली आलो.

"ताई! उडाली!"

"काय सांगता! तिन्ही?"

"तिन्ही."

"आणि आईबाप?"

"तेही. सगळे एकदम. आनंदात होते."

ताईंनी माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागल्या. "बघा, काका! आणि तुम्ही त्यांना हाकलायला निघाला होतात!"

सोमवारी टाकीचं काम सुरू झालं. बायकोला मी सगळं सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला, मग आमचं जेवणाचं टेबल दिवाणखान्यात खिडकीपाशी ओढलं आणि ताईंना निरोप धाडला, की छत वाळेपर्यंत कपडे इथे बेता. पंधरा दिवस आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. याबद्दल मी तक्रार केली नाही. तक्रार करण्याचा माझा हक्क गेला आहे, बहुतेक कायमचाच.

पण मला स्वस्थ बसवेना. काहीतरी भरपाई करायला हवी होती. शेवटच्या दोन दिवसांत ताई सहा कोट पुन्हा बेतण्यात गुंतल्या होत्या आणि बाकीच्यांची बटणं राहिली होती. "बटणं मी लावतो," मी म्हणालो. ताई नको नको म्हणत होत्या, पण मी हट्टच धरला. प्रत्येक कोटाला सहा पितळी बटणं. मी पट्टी घेतली, दोन बटणांमधलं अंतर मिलिमीटरपर्यंत मोजलं, खडूने खुणा केल्या. सुईत दोरा बायको ओवून द्यायची. बोटं टोचली, पाठ धरली, पण मी एका जागेवरून हललो नाही. दीड दिवसात अकरा कोट पुरे केले. सहासष्ट बटणं. एका रेषेत, अशी की ओळंबा लावावा. फार वर्षांनी स्वतःच्या कामाकडे बघून मला बरं वाटलं.

ताईंनी वरचा कोट उचलला, झटकला आणि बटण लावून पाहायला गेल्या. थांबल्या. दुसरा उचलला. तिसरा. मग सगळे खाली ठेवले. बटणं मी काजांच्याच बाजूला लावली होती. प्रत्येक काजाच्या शेजारी, अगदी खेटून, एक बटण. समोरची बाजू मोकळी.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर! त्यांनी ब्लेड घेतलं, खाली मान घालून पहिल्या बटणाचा दोरा कापला, मग दुसऱ्याचा. मी समोर हात जोडून उभा.

"काका," बऱ्याच वेळाने त्या मायेने म्हणाल्या, "तुम्ही आपलं पक्ष्यांचंच बघा. त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही."